मुरुमांसाठी तीन महिने अँटिबायोटिक: डॉक्टर घ्या म्हणतात, अण्णा नको म्हणतात

दुधना | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, दोन दिवस झाले, घरात एका चिठ्ठीवरून वाद चाललाय. म्हणून धागा काढतेय.

धाकटा भाऊ १९ वर्षांचा. लातूरला राहून नीटची दुसऱ्यांदा तयारी करतोय. दहावीपासून तोंडावर मुरूम होतेच, पण दिवाळीनंतर ते गालावरून जबड्यावर आणि तिथून पाठीवर उतरले. साध्या पुटकुळ्या नाहीत, आतून गाठी आहेत, हात लागला तरी कळ येते. संक्रांतीला घरी आला तेव्हा आईला कपडे धुताना त्याच्या शर्टाच्या पाठीवर रक्ताचे ठिपके दिसले. तोवर तो कुणाला बोलला नव्हता.

लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज एक, १२ आठवडे, आणि रात्री लावायला अॅडापलिन व बेंझॉइल पेरॉक्साइडचं एकत्र जेल लिहून दिलंय.

सेलूकडं आमचं कृषी सेवा केंद्र आहे, अण्णा चालवतात. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "तुला टायफॉइड झाला तेव्हा चौदा दिवस गोळ्या होत्या. पुटकुळ्यांना तीन महिने? एकच औषध मारत राहिलं की अळी मरत नाही, शिकते. बोंडअळीचं काय झालं ते बघितलं ना सगळ्यांनी." आईचं वेगळंच, तिला वाटतं गोळ्या गरम पडतील. आणि भाऊ म्हणतो, परीक्षेआधी मला आरशात बघवत नाही, द्या काय द्यायचं ते.

ज्यांनी घेतल्यात त्यांनी फायदा-तोटा दोन्ही सांगा.

गुलमंडी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला, मेसचे तळलेले पापड बंद. पंधरा दिवसांत चेहरा लख्ख. आमच्या आजीला कुठली कॅप्सूल माहीत होती?

दुधना | १२ फेब्रुवारी, रात्री १०:१२

दादा, दोन वर्षं मुलतानी मातीच चालू होती. पाठीवर कोण लावून देणार हॉस्टेलात?

कोरडवाहू | १२ फेब्रुवारी, रात्री ११:२०

मी घेतल्यात. हीच कॅप्सूल, तीन महिने. फायदा झाला, शंभर टक्के सांगतो. पण उन्हाचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

वसुलीची नोकरी, बीडहून आष्टीपर्यंत रोज मोटारसायकल, एप्रिल महिना. डोक्याला हेल्मेट होतं, तोंडाला रुमाल होता, हात मात्र हँडलवर उघडे. चौथ्या दिवशी बोटांच्या पेरांवर तव्याचा चटका बसल्यासारखं लाल झालं. मला वाटलं ऊनच तसंय यंदा. मागं बसणारा मित्र रोज माझ्याबरोबर फिरायचा, त्याला काहीच नाही. मग अंगठ्याचं नख पुढच्या टोकाला पांढरं पडून खालच्या मांसापासून सुटलं. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा म्हणाले, हे गोळीमुळंच आहे, ह्या औषधावर ऊन बाधतं. आधी सांगितलं असतं तर दीडशे रुपयांचे हातमोजे घेतले असते.

बारा आठवडे म्हणजे तुमच्या भावाचा एप्रिल आणि मे त्यातच येतोय. हिशोब करा.

तिसरं_वर्ष | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताई, मी त्वचारोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतेय. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळं डोस बदलण्याबद्दल काही बोलणार नाही. पण अण्णांची शंका एकदम बरोबर जागी आहे, म्हणून रात्रपाळीनंतर झोपायच्या आधी लिहितेय.

टायफॉइडची आणि ह्याची तुलना होत नाही. टायफॉइडमध्ये बाहेरून आलेला जंतू मारला की काम संपलं. मुरूम हा तसा संसर्ग नाही. वयात येताना हार्मोन्समुळं तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमरंध्राचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हा एरवीही सगळ्यांच्या कातडीवर राहणारा जंतू माजतो, आणि शरीर त्याच्यावर चवताळतं. ती लाल दुखरी गाठ म्हणजे हे चवताळणं. डॉक्सिसायक्लिन जंतूही कमी करतं आणि दाहही उतरवतं, आणि मुरुमात ह्या दुसऱ्या कामाचा वाटा मोठा आहे. हे सगळं हळू चालतं. सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय खरा फरक दिसत नाही. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे आणि बरं वाटतंय म्हणून वर्षभर चालू ठेवणारे, दोघंही ओपीडीत रोज भेटतात.

पण बुजलेलं तोंड कॅप्सूल उघडत नाही, तेलही कमी करत नाही. तोंड उघडण्याचं काम अॅडापलिनचं. नुसत्या कॅप्सूलवर राहिलात तर ती थांबली की मुरूम पुन्हा हजर.

आता अळी. जंतू शिकतात, हे खरंच आहे. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही दुसरी अँटिबायोटिकं मुरुमांसाठी इतकी वर्षं वापरली गेली की आता पुष्कळ ठिकाणी हे जंतू त्यांना दाद देत नाहीत. शिवाय पोटात घेतलेलं औषध फक्त गालावर जात नाही. आतड्यातले, घशातले जंतूही तेच औषध बघतात आणि तेही शिकतात. म्हणून दोन नियम: मुदत तीन-चार महिन्यांपलीकडं न्यायची नाही, आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड लावायचंच. ते जंतूला ऑक्सिडेशननं मारतं, त्याच्याविरुद्ध प्रतिकार तयार झाल्याचं दिसलेलं नाही.

तुमच्या डॉक्टरांनी मुदत लिहिली आणि जेल दिलं, हे दोन्ही पाहून मला बरं वाटलं. मुदत न लिहिलेली चिठ्ठी असती तर मी अण्णांच्या बाजूनं बोलले असते.

दुधना | १३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

हे अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते गिऱ्हाईक सोडून ऐकत बसले. मग म्हणाले, "म्हणजे जेल हे रेफ्युजीचं पाकीट आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीटी कापसाच्या (ज्याच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं) ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावत नाही. आमच्याकडं ते कुणी लावायचं नाही. दुकानाच्या पायरीवरच फेकून जायचे. अण्णा सांगून दमले. २०१७ ला गुलाबी अळीनं बोंडं आतून खाल्ली तेव्हा तेच लोक दुकानात भांडायला आले.

तिसरं_वर्ष | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

अण्णांना नमस्कार सांगा. उपमा अर्धी लागू आहे. रेफ्युजीत साध्या अळ्या मुद्दाम जगवायच्या असतात, बेंझॉइल तसं कुणालाच जगवत नाही. पण सोबत दिलेलं फेकून द्यायची सवय, ती तंतोतंत. कॅप्सूल नेमानं घेतात आणि जेल आग होते म्हणून चौथ्या दिवशी खिडकीत ठेवतात.

आग होणार हे गृहीत धरा. पहिले दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, सालं निघतात. सुरुवातीला एक रात्र आड, हरभऱ्याच्या दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला, वरून साधं मॉइश्चरायझर. फक्त मुरुमावर ठिपका लावून उपयोग नाही.

मेडिकलवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४५

नांदेडला माझं मेडिकल आहे. काउंटरच्या ह्या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

पोरं चिठ्ठी आणत नाहीत, फोनवर पाकिटाचा फोटो आणतात. मित्राला गुण आला, मलाही द्या. जास्त करून अॅझिथ्रोमायसिन ५०० हे दुसरं अँटिबायोटिक मागतात, तीन गोळ्यांचं पाकीट. तीन खातात, पुढच्या महिन्यात पुन्हा तीन. डॉक्टर हे औषध मुरुमांसाठी ठरावीक दिवस घ्यायला देतातही, नाही असं नाही, पण ते हिशोबानं आणि ज्याला डॉक्सी चालत नाही त्याला. आणि हे टायफॉइडसाठी हाताशी उरलेल्या मोजक्या पोटात घ्यायच्या औषधांपैकी आहे. ते गालासाठी उडवायचं का? पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय देऊ-घेऊ नये म्हणून. मी देत नाही म्हटलं की पोरगं शेजारच्या दुकानात जातं. तिथं मिळतं, हेही कबूल करतो.

ह्याहून वाईट म्हणजे लग्नसराईत खपणारं गोरं करायचं मलम. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस मुरूम बसतात, चेहरा उजळ दिसतो, मग सोडलं की दुप्पट येतात आणि कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसतात. २०१८ ला सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीच्या यादीत टाकली, तरी मागणारे मागतातच. दुधनाताई, भावाला एकदा विचारा, हॉस्टेलात कुणाचं असलं मलम वापरलंय का. आणि जिमला जात असेल तर डब्यातली पावडर, कुठली सुई, बी-१२ चे इंजेक्शन, हेही विचारा. त्यानंही पुळ्या उठतात.

उदगीरकर | १३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कोरडवाहूनं ऊन सांगितलं, मी पाणी सांगतो.

हॉस्टेलची रात्र, वाचून वाचून डोळे मिटलालते. कॅप्सूल आठवली. पाण्याची बाटली खाली, मी वरच्या कॉटवर. म्हटलं कोण उतरतंय. थुंकीवरच गिळली आणि आडवा झालो. पहाटे छातीच्या मधोमध कुणी निखारा ठेवल्यावानी उठलो. थुंकी गिळायची तरी डोळ्यांत पाणी. मला वाटलं हार्टच. तीन दिवस भाकरीचा तुकडा खाली जाईना, आई दुधात कुस्करून देऊ लालती, तेबी घोट घोट. तपासलं तेव्हा कळलं, कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथंच विरघळली आणि आतून जखम झाली.

तवापासून सगळ्यांला सांगतो: ही कॅप्सूल झोपताना घेऊ नका. बसून, जेवणाबरोबर, पेलाभर पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

दुधना | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४१

बापरे. तो झोपतानाच घेणार होता, विसरू नये म्हणून. आत्ताच फोन लावते.

दुधना | १३ फेब्रुवारी, रात्री १०:०२

लावला. अजून एक बाहेर आलं. मेसच्या जेवणानं जळजळ होते म्हणून रोज रात्री अँटासिड पितो, आणि आईनं दिलेल्या लोहाच्या गोळ्याही चालू आहेत. चालेल का?

तिसरं_वर्ष | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

बरं झालं विचारलंत. लोह, कॅल्शियम, अँटासिड हे कॅप्सूलला पोटातच बांधून ठेवतात, मग औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. निदान दोन-तीन तासांचं अंतर हवं. दुधाचा परिणाम डॉक्सीवर कमी असतो, तरी कॅप्सूल दुधाबरोबर नको. दुपारच्या जेवणासोबत कॅप्सूल, लोह रात्री, अशी घडी बसवा. आणि रोज जळजळ होत असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण ह्या कॅप्सूलनं ती वाढू शकते.

थांबवून लगेच डॉक्टरांकडं कधी जायचं तेही लिहून ठेवा: न थांबणारी डोकेदुखी आणि धूसर दिसणं, गिळताना दुखणं, अंगावर पुरळ, जोराचे जुलाब. डोकेदुखी-धूसर दिसणं क्वचित होतं, पण तो कवटीतला दाब वाढल्याचा इशारा असू शकतो. ह्याच कारणानं आयसोट्रेटिनॉइन (हट्टी मुरुमांवरचं दुसरं औषध) आणि ही कॅप्सूल एकत्र देत नाहीत.

वसमतची_हळद | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

मुलींसाठी कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

मला चार वर्षांत तीनदा कोर्स दिले. एकदा डॉक्सी, दोनदा मिनोसायक्लिन, म्हणजे डॉक्सीच्याच जातीचं औषध. दर वेळी कोर्स संपला की दोन महिन्यांत हनुवटीवर पुन्हा तेच. मिनोसायक्लिननं इतकी चक्कर यायची की जिना उतरताना कठडा धरावा लागे. डॉक्सीच्या वेळी खाली खाज आणि पांढरा स्राव सुरू झाला, तो अँटिबायोटिकमुळं होतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी लाजेनं महिनाभर तशीच राहिले. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, मला पण झालं होतं. दोघीही गप्प!

तीन कोर्स देताना एकानंही विचारलं नाही, पाळी नियमित आहे का. नव्हती. चौथ्या ठिकाणी बाईंनी पहिला प्रश्न तोच केला. सोनोग्राफी, रक्ततपासणी, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो आजार) निघालं. मग हार्मोनच्या बाजूनं उपचार झाले आणि सहा-सात महिन्यांनी हनुवटी शांत झाली. त्या तिन्ही कोर्सचा राग अजून जात नाही.

आणि दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर डॉक्सी-मिनो नको, पोटातल्या बाळाच्या दातांवर, हाडांवर परिणाम होतो. आठ वर्षांखालच्या मुलांनाही मुरुमांसाठी देत नाहीत ते ह्याच कारणानं. लग्न झालेल्या मुलीला हे विचारतात, न झालेलीला विचारायला सगळ्यांना संकोच.

तिसरं_वर्ष | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:००

हळदताई, तुमचं म्हणणं मान्य. जबड्याच्या रेषेवर, पाळीच्या आधी उठणारे मुरूम आणि अनियमित पाळी असेल तर अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. मिनोसायक्लिनला चक्कर तर आहेच, जास्त दिवस घेतलं तर कातडीवर निळसर-करडे डाग, क्वचित यकृताची सूज आणि ल्युपससारखा (शरीर स्वतःवरच उलटतं तसा) आजारही होतो. आमच्याकडं ते आता पहिल्या पसंतीचं नाही.

गुलमंडी | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

एवढं सगळं ऐकून मुलतानी मातीच बरी वाटायला लागली. गंमत नाही करत, एवढे तोटे असतील तर घ्यायचंच कशाला?

तिसरं_वर्ष | १४ फेब्रुवारी, रात्री ८:१५

खड्ड्यांसाठी. गाठ बसते, पण खाली कातडीचा पाया मोडलेला असतो आणि तिथं जन्मभराचा खड्डा राहतो. त्यावर लेझर, सुया, पैसा सगळं करूनही कातडी पहिल्यासारखी होत नाही. काळे ठिपके आणि बारीक पुरळ असेल तर कॅप्सूलची गरजच नाही, जेल पुरे. पाठीवर रक्त येण्याइतक्या गाठी असतील तर वाट पाहण्याची किंमत पोराच्या चेहऱ्यावर दिसते. आणि १२ आठवड्यांत गाठी हटल्या नाहीत तर त्याच गोळ्या वाढवत न बसता आयसोट्रेटिनॉइनचा विचार करायचा. त्याच्या तपासण्या आणि पथ्यं वेगळी आहेत, त्यावर वेगळा धागा काढा.

दुधना | १६ फेब्रुवारी, रात्री ९:००

ठरलं. अण्णांनी दुकानातल्या बियाणं कंपनीच्या कॅलेंडरवर मे महिन्यात लाल गोल केलाय आणि खाली लिहिलंय, "बंद". तारीख पडल्यावरच त्यांनी होकार दिला.

दुधना | ३० मार्च, रात्री ८:३०

सहा आठवडे झाले. पहिल्या महिन्यात फरक शून्य, उलट जेलनं तोंड सोललं. तो सोडून देणार होता, मी हा धागा पाठवला. आता नवीन गाठ उठत नाहीये. जुन्या बसल्यात, डाग आहेत.

आईचं वेगळंच दुःख. त्याचा निळा अभ्रा आणि दिवाळीचा नवा मरून टॉवेल, दोन्हींवर पांढरे चट्टे. आईला वाटलं हॉस्टेलचा धोबी चुना टाकतो. ती त्याच्याशी फोनवर भांडली सुद्धा.

तिसरं_वर्ष | ३० मार्च, रात्री ९:१०

धोब्याची माफी मागा. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं. सांगायला विसरले, चूक माझी.

कोरडवाहू | ३० मार्च, रात्री ९:४५

आणि ऊन? नीटला अर्ध्या बाह्यांचाच शर्ट लागतो, लक्षात आहे ना. सेंटरबाहेर दुपारी रांगेत उभं करतात.

दुधना | ३० मार्च, रात्री १०:००

आहे. छत्री घेतलीय, सनस्क्रीन पण. हॉस्टेलची पोरं त्याला "मॅडम" म्हणतात छत्रीवरून. तो म्हणतो, म्हणू दे.

दुधना | १४ मे, संध्याकाळी ७:२०

परीक्षा झाली, कॅप्सूलही संपली. खरं तर दोन उरल्या, मध्ये दोन दिवस विसरला होता. गाठी गेल्या. उजव्या गालावर तीन खड्डे राहिले, ते दिवाळीच्या वेळचे आहेत, ते राहणार असं डॉक्टर म्हणाले. पाठीवर डाग आहेत पण आता पाठीवर झोपतो.

काल शेजारच्या वाड्यातला मुलगा त्याचा चेहरा बघून त्या दोन कॅप्सूल मागायला दुकानात आला. अण्णा म्हणाले, "चिठ्ठी आण." रोज विनाचिठ्ठी कीटकनाशक विकणारा माणूस! मी हसले तर माझ्यावरच डाफरले.

जेल अजून किती दिवस? आणि डाग?

तिसरं_वर्ष | १४ मे, रात्री ११:०५

अभिनंदन. डाग उन्हापासून जपले तर काही महिन्यांत फिके होतील, पाठीचे जरा हळू. कॅप्सूल थांबली तरी जेल थांबवायचं नाही, कारण खरा पहारा आता तेच देणार. किती दिवस ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण महिन्यांचा हिशोब धरा, आठवड्यांचा नाही.

आणि टॉवेल पांढरा घ्या.